डोळे मिटायला कुणी सांगितलं?

साक्ष म्हटलं की बाहेरच्या जगात लोकांना कोर्ट आठवतं. जे पाहिलं ते सांगायचं, खोटं सांगितलं तर शिक्षा. आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे रविवारी उपासनेत उभं राहून देवानं आपलं कसं भलं केलं ते सांगणं. ताप उतरल्याची साक्ष होते, नोकरी लागल्याची होते. एका आजोबांनी तर हरवलेला चष्मा सापडल्याची साक्ष दिली होती, आणि तो सगळा वेळ त्यांच्या डोक्यावरच होता. रडगाणं मात्र कुणाला चालत नाही. वाईट घडलं असेल तर शेवटी ते गोड करून सांगावं लागतं, नाहीतर लोक बाकांवर चुळबुळ करायला लागतात. मी पाळकाची बायको. पहिल्या बाकावर बसून इतक्या साक्षी ऐकल्यात की माणूस नुसता उभा राहिला तरी त्याचा शेवट मला कळतो.

माझ्या नणंदेच्या साक्षीचा शेवट मला कळला नव्हता. कुणालाच कळला नव्हता, आशीर्वादसाहेबांना तर मुळीच नाही.

आशीर्वादसाहेब हे नाव मी ठेवलेलं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोठा कारखाना त्यांचा आहे, आमच्या मंडळीच्या कमिटीचे ते अध्यक्ष आहेत, आणि आता नगरपालिकेच्या निवडणुकीलाही उभे राहिलेत. धंदा कसा चाललाय विचारलं की म्हणतात, "आशीर्वाद आहे." नवी गाडी घेतलीत? "आशीर्वाद आहे." कामगारांचा पगार का वाढत नाही हे त्यांना कुणी विचारत नाही, विचारलं तर तिथे बहुतेक आशीर्वाद कमी पडत असावा. घरात मी असं काही बोलले की नवरा म्हणतो, "अगं, जिभेला काही हाड?" मी म्हणते, तुमच्या पाठीच्या कण्यात आहेत ना हाडं, ती आधी वापरा. मग तो पुस्तक उघडून बसतो.

नणंद त्याच कारखान्यात पंचिंग मशीनवर होती. तिनं लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. मला कधी ती नणंद वाटली नाही. उलट नवऱ्याशी भांडण झालं की ती माझ्या बाजूला येऊन बसते आणि भावाला म्हणते, "दादा, तू हरलास, ऊठ." तिच्या त्या मशीनला दोन जाड लोखंडी पाट असतात, एकावर पातं बसवलेलं. ते जबड्यासारखे उघडतात आणि मिटतात. उघडले की पुठ्ठा आत ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. मिटले की तो कापला जातो. पुन्हा उघडले की कापलेला काढायचा, नवा ठेवायचा. मशीन माणसासाठी थांबत नाही, माणसानं तिची लय धरायची. "गाणं म्हटल्यासारखं आहे वहिनी," ती सांगायची. "ताल चुकला नाही म्हणजे झालं."

तर या कारखान्यात सकाळी प्रार्थना होते. साहेबांना त्याचा केवढा अभिमान! निवडणुकीच्या पत्रकावर जोडलेल्या हातांचं चित्र आहे आणि खाली छापलंय, 'ज्याचा कारखाना प्रार्थनेने सुरू होतो, असा तुमचा उमेदवार.' सुरुवातीला माझा नवरा स्वतः तिथे जायचा. मेन स्विच बंद व्हायचा, सगळे आपापल्या जागी उभे राहायचे, हा प्रार्थना म्हणायचा, आमेन झालं की स्विच चालू. पुढे त्याला रोज जाणं जमेना, तेव्हा साहेबांनी त्याचा आवाज रेकॉर्ड करून घेतला आणि भोंग्यावर लावायला सुरुवात केली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग साहेबांच्या लक्षात आलं की मशीन बंद करून परत चालू केल्या की पहिले काही खोके वाकडे निघतात. झालं. त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'हात कामात, मन प्रार्थनेत.' तेव्हापासून स्विच बंद होईना. भोंग्यावर प्रार्थना चालायची, खाली मशीन चालायच्या. देवालाही खूश ठेवायचं आणि खोकेही वाकडे निघू द्यायचे नाहीत, असा तो हिशेब होता.

आणि एका सकाळी प्रार्थना चालू असताना नणंदेचा उजवा हात जबड्यात गेला. दोन बोटं गेली. तिसऱ्याचं काही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेब भेटायला आले. हातात फळांची टोपली, मागे कॅमेरा घेतलेला एक माणूस. मी त्या माणसाला दारातच विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" तो गडबडला आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसला.

"कशी आहेस बाळ?" साहेबांनी विचारलं. ते सगळ्या कामगारांना बाळ म्हणतात. कारखाना म्हणजे एक कुटुंब, असंही म्हणतात. या कुटुंबात बाप एकच आणि बाकी सगळी बाळं.

"बरी आहे साहेब."

"देवानं वाचवलं तुला. अगं, अख्खा हात गेला असता, खांद्यापासून गेला असता. दोन बोटांवर निभावलं. केवढी कृपा म्हणायची!"

"तुमची दहाच्या दहा शाबूत आहेत," मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यावर जरा जास्तच कृपा म्हणायची."

नवऱ्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. साहेब मात्र हसले. या माणसाला राग येत नाही, हेच मला सगळ्यात जास्त चीड आणणारं आहे. रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मग ते मुद्द्यावर आले. येत्या रविवारी उपकारस्तुतीची, देवाचे आभार मानायची, उपासना होती. तिथे नणंदेनं साक्ष द्यावी अशी त्यांची इच्छा होती. देवानं जीव कसा राखला, मालकानं हॉस्पिटलचं सगळं कसं बघितलं, कारखान्यात प्रार्थना होते म्हणूनच हे एवढ्यावर कसं भागलं, थोडक्यात पण मनापासून. नवऱ्याकडे वळून ते म्हणाले, "पाळकसाहेब, छपराचं काम मी पावसाच्या आधी पुरं करून देतो, ते माझ्यावर सोडा." आमच्या प्रार्थनामंदिराचं छप्पर गळतं. व्यासपीठाच्या बरोबर वर गळतं, त्यामुळे माझा नवरा पावसाळ्यात उपदेश करताना एक पाऊल डावीकडे सरकून उभा राहतो.

"आणि सोमवारी कामगार खात्याचे अधिकारी येणार आहेत," साहेब पुढे म्हणाले. "त्यांनाही तुझी साक्ष लागेल. ते विचारतील कसं झालं. काय सांगशील?"

"प्रार्थना चालू होती. मी डोळे मिटले."

"बघ. इथेच घोटाळा होतो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज अगदी मऊ केला. "चालू मशीनवर डोळे मिटायला तुला कुणी सांगितलं होतं, बाळ? भिंतीवर काय लिहिलंय? हात कामात. डोळे मिटा असं कुठे लिहिलंय का? नाही ना? मग चूक झाली म्हणायचं. माणसाकडून चूक होते, देव क्षमा करतो, मीही केली. मंडळीसमोर हेच सांगायचं, आणि सोमवारी पण हेच. रविवारी एक आणि सोमवारी दुसरं, असं नको. कसं?"

नणंदेनं एकदा भावाकडे पाहिलं आणि मग हातावरच्या पट्टीकडे पाहत राहिली. नवरा उठला आणि साहेबांसाठी पाणी आणतो म्हणून आत गेला. पाणी त्यांच्या समोरच ठेवलेलं होतं.

साहेब गेल्यावर संध्याकाळी गोंदवाली आली. ती नणंदेच्या शेजारच्या टेबलावर खोक्यांना गोंद लावते, म्हणून तिला सगळे गोंदवाली म्हणतात, आणि तिचं बोलणंही तसंच, एकदा चिकटलं की सुटत नाही. त्या दिवशी मात्र तिनं आधी सगळा चहा संपवला. शेवटी म्हणाली, "तुझ्या मशीनवर सोमवारपासून माझ्या सुनेला बसवतायत."

"आणि प्रार्थना?" नणंदेनं विचारलं.

"चालूच आहे की. तुला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही लावली. मशीन पण चालू. वर साहेब म्हणाले, आता तर प्रार्थनेची जास्तच गरज आहे."

"सुनेला सांग, डोळे मिटू नकोस म्हणून."

"सांगितलंय गं. पण लहानपणापासूनची सवय ती. 'आपण प्रार्थना करू या' असं कानावर पडलं की आपल्याला कळायच्या आत पापण्या खाली येतात. माझ्यासुद्धा येतात. मी गोंद लावते म्हणून निभावतं. आणि त्यात भोंगाच म्हणतो..." ती एकदम थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि कपात चहा नसतानाही कप तोंडाला लावला.

ती गेल्यावर मी नणंदेला धरलं. "भोंगा काय म्हणतो?"

"जाऊ दे ना वहिनी."

"जाऊ देणार नाही. भोंगा काय म्हणतो?"

तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच सांगितलं. रेकॉर्डिंगची सुरुवातच अशी आहे: 'प्रियजनहो, आपले हात थांबवू या, डोळे मिटू या, आपण प्रार्थना करू या.' माझ्या नवऱ्याचा आवाज. स्विच बंद व्हायचा त्या काळातला. साहेबांनी पाटी नवी लावली, आवाज जुनाच ठेवला.

डोळे मिटायला कुणी सांगितलं, असं तो माणूस माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून विचारत होता, आणि सांगणारा समोरच बसलेला होता. नवऱ्याला ते माहीत होतं. म्हणून तर तो पाणी आणायला गेला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. नणंद माझा पदर धरून म्हणत होती, "वहिनी, दादाला काही बोलू नकोस, तो जेवलेला नाही." मी तिला म्हटलं, आजची जेवायची वेळ गेली म्हणून समज.

नवरा बाहेरच्या खोलीत उपदेशाची तयारी करत बसला होता.

"तुम्ही तिला डोळे मिटायला सांगितलंत," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. "हॉस्पिटलात तिला पाहिलं तेव्हाच कळलं मला. रोज कानात वाजतंय ते."

"मग तोंडातून का वाजत नाही?"

"अगं, काय बोलू? कुणापुढे? कारखान्यात आपल्या मंडळीतली अर्धी माणसं आहेत. खात्यानं कारखान्याला कुलूप ठोकलं तर त्यांच्या चुली कोण पेटवणार? तू?"

"कारखाना बंद करा असं कोण म्हणतंय? एक स्विच बंद करा म्हणतेय मी. प्रार्थना संपेपर्यंत. एक स्विच!"

"या गोष्टी मंडळीत आणायच्या नसतात. मंडळी म्हणजे काही मोर्चा नाही. मालक-कामगारांचे प्रश्न वेगळे, आत्म्याचे वेगळे."

हे ऐकल्यावर माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जे आठवतं ते सांगते. मी म्हटलं, व्यासपीठावरून तुम्ही दारूला पाप म्हणता, सिनेमाला पाप म्हणता, पोरींच्या केस कापण्यालासुद्धा एकदा पाप म्हणालात. चालू मशीन पाप आहे, हे कधी म्हणणार? तुमच्या बहिणीची बोटं म्हणजे आत्मा नव्हे म्हणून? आपला प्रभू सुतार होता. करवतीनं माणसाचं काय होतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तो त्या कारखान्यात आला असता तर त्यानं भिंतीवरची पाटी वाचली नसती, आधी विचारलं असतं स्विच कुठे आहे. बैलालासुद्धा विसावा द्या म्हणणारा देव आपला, आणि त्याचंच नाव घेऊन हा माणूस बाईला हात थांबवू देत नाही. मशीनला थांबवत नाही म्हणजे मशीन देवापेक्षा मोठी झाली. याला आपल्याकडे मूर्तिपूजा म्हणतात हे तुम्हीच मला शिकवलंत, पाळकसाहेब, आता मी तुम्हाला शिकवू का?

"आणि छप्पर?" तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"गळू दे. तुम्हाला सरकून उभं राहायची सवय आहेच."

हे बोलायला नको होतं का? हवं होतं. मला त्याचा जरासुद्धा पस्तावा नाही. रात्री कुणी जेवलं नाही.

शनिवारी नणंद म्हणाली, "साहेबांना निरोप दे दादा, मी साक्ष देणार आहे."

आता मी तिच्यावर भडकले. म्हटलं, तुला त्यांनी बाळ म्हटलं म्हणून तू खरंच बाळ झालीस की काय? गोंदवालीच्या सुनेचा तरी विचार कर. रविवारी चूक माझी म्हणालीस की सोमवारी अधिकारी तेच लिहून घेतील, आणि मग त्या मशीनला कुणी हात लावणार नाही, मशीनच लोकांचे हात घेत राहील. ती डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न करत होती. फणी सारखी हातातून निसटत होती. मला म्हणाली, "वहिनी, जरा वेणी घालून दे ना. घट्ट घाल, उद्यापर्यंत टिकायला हवी." मी रागारागानं वेणी घातली. खूपच घट्ट झाली, पण तिनं तक्रार केली नाही.

रविवारी मंदिर भरलं होतं. प्रत्येक बाकावर ते जोडलेल्या हातांचं पत्रक ठेवलेलं. आत कुणी राजकारण बोललं की कमिटी लगेच दटावते, पण पत्रकं बहुतेक आपोआप उगवली असावीत. साहेब पहिल्या बाकावर, माझ्यापासून हातभर अंतरावर. कॅमेरावाला खिडकीपाशी. गोंदवाली आणि तिची सून मागे दाराजवळ बसल्या होत्या. सून कोवळी पोर, नुकतंच लग्न झालेली, आपल्या बांगड्यांशी चाळा करत होती. मी तिच्या बोटांकडे पाहिलं आणि मान पुढे वळवली.

गाणी झाली. नवऱ्यानं नणंदेला पुढे बोलावलं.

ती व्यासपीठावर चढली नाही, खाली उभी राहिली. पट्टी बांधलेला हात तिनं पदराखाली घेतला होता. साहेबांनी कॅमेरावाल्याला नजरेनं खूण केली.

"माझी साक्ष लहान आहे," ती म्हणाली. "पण त्याआधी आपले हात थांबवू या. डोळे मिटू या. आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. आदल्या दिवसापासून मी तिच्यावर चिडलेली होते, तिचा एकही शब्द ऐकायचा नाही असं ठरवून आले होते, तरी मिटले. आमच्या पापण्याच तशा घडल्या आहेत.

प्रार्थना काही सुरू होईना. मग तिच्या पावलांचा आवाज आला, तो माझ्या अगदी जवळ येऊन थांबला. कुणीतरी खोकलं. कुठेतरी बाक कुरकुरला.

"आता उघडा," ती म्हणाली.

ती साहेबांच्या पुढ्यात उभी होती. पट्टी बांधलेला हात त्यांच्या नाकासमोर धरलेला. साहेबांनी डोळे उघडले आणि दचकून असे मागे गेले की बाक हलला. त्यांचे हात अजून छातीशी जोडलेले होते, पत्रकावरच्या चित्रासारखे.

"साहेब," ती साध्या आवाजात म्हणाली, "डोळे मिटायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबांनी हसायचा प्रयत्न केला. "तूच की गं. तूच नाही का आत्ता..."

"हो. मी सांगितलं, तुम्ही मिटले. भिंतीवर तर कुठे लिहिलेलं नाही." तिनं हात तसाच धरून ठेवला. "मग मला कुणी सांगितलं?"

तिनं भावाकडे पाहिलं नाही, शेवटपर्यंत पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. मनात म्हणत होते, आता पाणी आणायला गेलात तर परत घरात येऊ नका.

नवरा व्यासपीठावरून खाली आला. पायरीला अडखळला, पण आला.

"मी सांगितलं," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला. "मी सांगितलं. त्या भोंग्यावर माझा आवाज आहे. मी तो दिला तेव्हा मशीन बंद असायची. नंतर ती चालू राहिली, तरी आवाज माझाच राहिला, आणि मी कधी चौकशी केली नाही. चूक हिची नाही. सोमवारी अधिकाऱ्यांपुढे मी हीच साक्ष देणार आहे."

साहेब उठले. चेहरा लाल झाला होता. मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं की हा माणूसही रागावतो. "पाळकसाहेब, हे मंदिर आहे. इथे राजकारण आणू नका."

बाकावर त्यांच्या शेजारी पत्रकांचा गठ्ठा होता. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. "हे तुमचं राहिलं साहेब," मी म्हटलं. "इथे राजकारण आणायचं नसतं."

मागून गोंदवाली उभी राहिली. ती मंडळीत कधी तोंड उघडत नाही, तिची सगळी चिकाटी टेबलापाशी. "मला बाकीचं काही कळत नाही," ती म्हणाली. "उद्या माझी सून त्या मशीनवर बसणार. प्रार्थनेला स्विच बंद होणार की नाही, एवढंच सांगा."

"ते आपण नियमाप्रमाणे बघू," साहेब म्हणाले आणि मधल्या वाटेनं चालायला लागले. काही माणसं त्यांच्या मागून उठून गेली. कमिटीचे खजिनदार गेले, कॅमेरावाला गेला. बरीचशी मात्र बसून राहिली, आणि त्यात कारखान्यातली जवळजवळ सगळी होती.

नवरा त्यांच्या पाठीमागे मोठ्यानं म्हणाला, "उद्या भोंगा लागणार नाही, साहेब. माझा आवाज मी परत घेतोय. सकाळी मी स्वतः येऊन मेन स्विचपाशी उभा राहीन. तो बंद झाल्याशिवाय तोंडातून एक अक्षर काढणार नाही."

साहेबांनी वळून पाहिलं नाही. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आत ऐकू आला. छप्पर गेलं, असं माझ्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की मला त्याचं काहीच वाटत नाहीये.

उपासना पुरी करायची होती. नवरा व्यासपीठावर गेला, गळक्या जागेच्या बरोबर खाली उभा राहिला. "आपण प्रार्थना करू या," तो म्हणाला. डोळे मिटा, असं म्हणाला नाही.

कुणीच मिटले नाहीत. एवढी मोठी मंडळी, आयुष्यभर 'आपण' म्हटलं की पापण्या पाडणारी, टक्क उघड्या डोळ्यांनी उभी होती. म्हातारी माणसं, पोरंबाळं, गोंदवाली, तिची सून, मी. सगळ्यांचं लक्ष आपापल्या हातांवर होतं.

फक्त नणंदेनं डोळे मिटले होते. पट्टीचा हात मोकळा सोडून, मान खाली घालून, ती शांतपणे उभी होती. घरी जाताना मी तिला म्हटलं, "बाई, तू तरी उघडे ठेवायचेस. तुझी भीती इतक्यात गेली?"

"इथे कुठे मशीन चालू होती, वहिनी?" ती म्हणाली.